होमस्कूलिंग करू का? शाळेचा दाखला काढायच्या आधी हे वाचा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा सात वर्षांचा, इंग्लिश मीडियमला दुसरीत, रोज सकाळी पोटात दुखतं म्हणून रडतो, वह्या अपूर्ण, बाईंच्या तक्रारी, फी लाखाच्या वर. नवरा घरूनच काम करतो आणि ताईंनी धाकटीसाठी बँकेतली नोकरी सोडलीये. तर जूनपासून शाळेतून काढून त्याला घरीच शिकवावं का, फायदे-तोटे काय, दहावीचं कसं होणार, आणि सासूबाईंचा कडाडून विरोध आहे त्यांना काय सांगायचं?

मी आधी शाळेत शिकवायचे, आता बरीच वर्षं पुण्यात घरी शिकणाऱ्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईबाबांबरोबर काम करते, माझी स्वतःची मुलगी पाचवीपर्यंत घरी शिकली आणि मग तिलाच शाळेत जायचं होतं म्हणून गेली. त्यामुळे मी होमस्कूलिंगच्या विरोधात नाहीये आणि त्याची प्रचारकही नाहीये हे आधीच सांगते, कारण या विषयावर दोन्ही बाजूंनी लोक लगेच अंगावर येतात.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक "ही शाळा नको" आणि दुसरा "शाळाच नको". पोटात दुखणं हे पहिल्याचं लक्षण आहे, त्यावरून दुसऱ्याचा निर्णय घेऊ नका. सगळ्यात आधी मुलाचे डोळे तपासून घ्या. हसू नका, वह्या अपूर्ण राहणाऱ्या कितीतरी मुलांना फळ्यावरचं दिसतच नसतं आणि सात वर्षांचं पोर हे स्वतःहून सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. मग बघा की लिहिताना नेमकं काय होतं, अक्षरं उलटी येतात का, तोंडी फाडफाड सांगतो आणि कागदावर ओळभरसुद्धा उतरत नाही असं आहे का. तसं असेल तर वाचन-लेखनाच्या अडचणीची शंका घ्यायला हवी. त्याचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी सहसा करत नाहीत, पण बालविकासाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना आत्ताच भेटून ठेवायला हरकत नाही. पुढे दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात त्यासाठी सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये वगैरे ते काम चालतं. आणि तिसरी गोष्ट, घरात सगळे मराठी बोलतात आणि वर्गात दिवसभर इंग्रजी, तर त्याला बाई काय म्हणतायत ते कळतं का हे एकदा नीट विचारा. कळत नसेल तर मराठी किंवा सेमी इंग्लिश शाळेत घातल्यावर पोटदुखी आठवड्यात थांबलेली मी पाहिलीये. शाळा बदलून भागत असेल तर खुशाल शाळा बदला, त्यासाठी अख्खं आयुष्य बदलायची गरज नाही.

हे सगळं करूनही घरीच शिकवायचं वाटलं तर मग फायद्या-तोट्याचं बोलू.

फायदा मला विचाराल तर एकच मोठा आहे, वेळ. बाकी सगळे फायदे त्याच्यातूनच निघतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असं लिहिलंय, आणि तीस मुलांमागे एक शिक्षक. आता त्या तासांतलं हजेरी, रांगा, वही काढा, शांत बसा, डबा, ग्राउंड, गॅदरिंगची प्रॅक्टिस, आणि मागच्या बाकावरचा एकजण रडतोय ते, हे सगळं वजा केलं तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला बाई फार थोडा वेळ येतात. ती बाईंची चूक नाही, तिसांना एकदम शिकवणं हे कामच तसं आहे. घरी सात-आठ वर्षांच्या मुलाला समोर बसून दीड-दोन तास अभ्यास पुरतो, खरंच पुरतो, तोही सलग नाही. नवीन पालक पहिल्या महिन्यात घाबरून घरीच शाळा भरवतात, नऊ ते दोन वेळापत्रक, भिंतीवर फळा, पिरियडसुद्धा, आणि दिवाळीपर्यंत आई आणि पोर दोघंही वैतागतात. तसं करायचं असेल तर शाळा काय वाईट होती?

वेळ मिळाला की काय होतं याचं एक उदाहरण देते. आमच्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाने दिवाळीच्या किल्ल्यासाठी राजगड करायचा ठरवला. बाकीच्यांसारखं दगड, माती, पोतं आणि वर अळीव असं चार दिवसांत उरकायचं त्याच्या डोक्यात नव्हतं, त्याला तीन माच्या बरोबर दिशेला हव्या होत्या, सुवेळा पूर्वेला, संजीवनी, पद्मावती, मध्ये बालेकिल्ला. मग नकाशा आला, मग नकाशातल्या सेंटीमीटरचे अंगणातले किती हा प्रश्न आला, म्हणजे गुणोत्तर, जे पुस्तकात त्याला अजून दोन वर्षांनी भेटलं असतं. समोच्च रेषा, म्हणजे नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काय असतात ते त्याला त्याच्या बाबांनी मातीच्या थराथराने दाखवलं. पहिल्यांदा बालेकिल्ला इतका उंच झाला की माच्या त्याच्यापुढे चपट्या दिसायला लागल्या, कारण आडवं मोजमाप एका प्रमाणात आणि उभं डोळ्याच्या अंदाजाने, ते त्याचं त्याला कळलं आणि त्याने पाडून परत केला. हे सगळं पंधरा-वीस दिवस चाललं आणि कुणी "चला, आता इतिहासाची वही काढा" म्हणून मध्ये आलं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला हे मिळू शकतं का? सुट्टीत मिळू शकतं. एरवी कठीण आहे.

आता त्याच मुलाची दुसरी बाजू. त्याला सहाच्या पुढचे पाढे येत नव्हते आणि दहा ओळी लिहायला सांगितलं की तो कासावीस व्हायचा, कारण घरी आवडीचं तेवढंच चालायचं, नावडतं आलं की आईचं मन द्रवायचं. कंटाळवाणी गोष्ट रोज थोडी थोडी करत राहणं हे शाळा नुसत्या घंटेच्या जोरावर करून घेते. घरी ती घंटा तुम्हाला व्हावं लागतं आणि आई असतानाच घंटा होणं अवघड जातं, कारण त्याच मुलाला पाच मिनिटांनी जेवायलाही तुम्हीच बोलावणार असता.

आणि इथे मी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यावर येते. होमस्कूलिंग जमेल की नाही हे मुलाच्या हुशारीवर ठरत नाही, आईबाबांच्या शिक्षणावरही फारसं ठरत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुलाबरोबर घरात कोण आहे, यावर ठरतं. तुम्ही लिहिलंय "मिस्टर वर्क फ्रॉम होम असतात त्यामुळे दोघं मिळून करू". ताई, घरून काम करणारा माणूस घरी नसतो, तो ऑफिसलाच असतो, फक्त दाराच्या पलीकडे. त्याचे कॉल चालू असताना धाकटीला झोपवणं, मोठ्याला वाचायला बसवणं, कुकर लावणं आणि कुरियरवाल्याला दार उघडणं हे सगळं तुमच्याच गळ्यात पडणार आहे. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत होमस्कूलिंग म्हणजे आईचं बिनपगारी पूर्णवेळ काम असतं आणि ते "आम्ही मिळून ठरवलं" या वाक्याखाली झाकलेलं असतं. म्हणून मी जोडप्यांना सांगते की निर्णय घेण्याआधी कागदावर लिहा, आठवड्यातले कुठले तास बाबांचे. "शनिवार-रविवार बघतो" हे उत्तर चालणार नाही, शनिवार-रविवार सगळ्याच घरांत बाबा बघतात. आणि तुम्हाला बँकेत किंवा दुसरीकडे कधी परत जायचंय का? जायचं असेल तर धाकटी शाळेत जायला लागली की तुम्ही मोकळ्या व्हाल हा जो हिशोब मनात असेल तो होमस्कूलिंगमध्ये मोडतो, हे आत्ताच दोघांनी एकमेकांशी स्पष्ट बोलून घ्या.

मित्र नसतील, मूल एकलकोंडं होईल हा तोटा सगळेच सांगतात. सात-आठ वर्षांच्या वयात मला त्याची फार काळजी वाटत नाही, सोसायटीत, वाड्यात, ग्राउंडवर पोरं असतात. पण दहा-अकरानंतर चित्र बदलतं, कारण इतर मुलं शाळा, क्लास, परत क्लास अशी साडेसात-आठपर्यंत बाहेरच असतात आणि आपलं मूल दुपारी दोन वाजता मोकळं असून खेळायला कुणी नाही अशी गंमत होते. शिवाय शाळा फक्त मित्र देत नाही, न आवडणारी माणसंही देते. तिथे खडूस बाई असतात, शेअर न करणारा बेंचपार्टनर असतो, आणि आईबाबांसारखा विचार न करणारे, वेगळ्या घरातले, वेगळ्या जातीधर्माचे, वेगळ्या ऐपतीचे लोक असतात. घरी शिकणाऱ्या मुलांचे ग्रुप बहुतेक एकाच साच्यातल्या घरांचे असतात, सगळे आईबाबा शिकलेले, सगळ्यांकडे गाडी, सगळ्यांचे विचार जुळणारे. हे मला खटकतं. यावर उपाय म्हणून काही घरं मुद्दाम मुलाला वस्तीतल्या मैदानावरच्या कबड्डी-खोखोच्या संघात, तालमीत, सार्वजनिक वाचनालयात, ढोलपथकात घालतात, आणि त्याचा उपयोग होतो.

आणि नातेवाईक! लग्नाकार्यात मुलाला पहिला प्रश्न "कितवीत?" आणि "मी घरी शिकतो" म्हटलं की लगेच "मग सात नव्वे किती सांग बघू". मुलाला एक साधं उत्तर तयार करून द्या, "तिसरीचं करतोय" एवढं पुरतं, प्रत्येक मावशीला शिक्षणशास्त्र समजावायची जबाबदारी त्याच्यावर नको.

आता कागदपत्रं. इथे बऱ्याच लोकांचं घोडं अडतं. कायद्याचं म्हणाल तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, पण न घातल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा त्यात लिहिलेली नाही. होमस्कूलिंगला वेगळी परवानगी, नोंदणी असं काहीच नाही. म्हणजे लोक करतात, चालतं, पण सरकारी भाषेत तुमचं मूल "शाळाबाह्य" ठरतं आणि सर्वेक्षणाला कुणी आलं तर शांतपणे उत्तर द्यायची तयारी ठेवावी लागते. चांगली बाजू अशी की त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे मधूनच शाळेत यायचं झालं तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळायला हवा. महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत हे सहसा सुरळीत होतं, खासगी शाळा मात्र मागचं रिपोर्ट कार्ड मागतात आणि टोलवाटोलवी करतात. आता महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत सुरू झाल्यात, तेव्हा परत यायचं असेल तर चौथी-पाचवीच्या आत येणं सगळ्यात सोपं.

शाळेचा दाखला काढाल तेव्हा त्यावरचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीची नोंद तिथेच उभं राहून शब्दन् शब्द तपासा. दाखला हातात पडल्यावर त्यात दुरुस्ती म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या चकरा. जातीच्या दाखल्याला आणि पुढे जातपडताळणीला शाळेच्या दाखल्यावरची नोंद लागते, म्हणून ज्या घरात आरक्षणाचा प्रश्न येतो त्यांनी मूल कधीच शाळेत न घालणं मला धोक्याचं वाटतं. तुमचा मुलगा दुसरीपर्यंत गेलाय म्हणजे तुमच्याकडे दाखला तरी असेल, ती जमेची बाजू आहे. बाकी बोनाफाइड नसल्यामुळे स्कॉलरशिपची परीक्षा, शालेय क्रीडा स्पर्धा, बसचा विद्यार्थी पास अशा गोष्टी हातच्या जातात. मुलगा खेळात चांगला असेल तर हा तोटा छोटा नाही. काही जण ओळखीच्या शाळेत नुसतं नाव घालून ठेवतात आणि मूल घरी, मी हे कुणालाही सुचवत नाही, त्यात शाळा खोटी हजेरी लावते आणि मुलाला लहानपणीच कळतं की आपल्यासाठी कुणीतरी खोटं लिहितंय.

दहावीची काळजी मात्र लोक गरजेपेक्षा जास्त करतात. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून आहे, केंद्र सरकारचंच बोर्ड. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, मराठी माध्यमातूनही. पाच विषय लागतात, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, परीक्षा असते आणि पाच वर्षांत नऊ संधी, म्हणजे एका वेळी दोन विषय देऊन निवांत दहावी करणारी मुलंही आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, पण त्याला आधीचा शाळेचा दाखला लागतो, बघा, परत दाखला. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण एकेका विषयाची फी ऐकून घाम फुटतो. मुक्त विद्यालयातून बारावी केलेली मुलं आज नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसतात, हा प्रश्न २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टापर्यंत गेला होता आणि मुलांच्या बाजूने निकाल लागला. अडचण येते ती अकरावीच्या प्रवेशाला, मुक्त विद्यालयाचं वेळापत्रक राज्य मंडळाशी जुळेलच असं नाही, म्हणून त्या वर्षी एप्रिलवर सगळं न ठेवता आधीच्या ऑक्टोबरलाच विषय संपवून टाकलेले बरे.

होमस्कूलिंगचं कौतुक करताना सगळे २०१६ सालच्या मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, दहावी-बारावी न करता अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. खरं आहे ते. पण त्याच बातमीतलं दुसरं वाक्य कुणी सांगत नाही, की बारावी नसल्यामुळे तिला आपल्या आयआयटीचा रस्ता बंद होता, आणि एमआयटीत जागा मिळाली ती आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर. आपल्या मुलासाठी ते उदाहरण घेऊ नका, दुरून डोंगर साजरे. बोर्डाचं सर्टिफिकेट घ्याच.

पैशाचं थोडक्यात सांगते. फी वाचते, पण एक पगार जातो, तो हिशोब तुम्ही आधीच केला असेल. सामानावर फार खर्च करू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत, अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊपासून खेळणी आणि मराठीतली पुस्तकंसुद्धा ढीगभर आहेत. महागडी करिक्युलम किट विकणाऱ्यांपासून पहिलं वर्ष तरी लांब राहा.

म्हणजे तुमच्या बाबतीत, डोळे आणि लिहिण्याची अडचण तपासली, दुसऱ्या एक-दोन शाळा बघितल्या, नवऱ्याचे तास कागदावर आले, आणि तरीही घरी शिकवायची इच्छा टिकली, तर सात हे वय प्रयोगाला चांगलं आहे, कारण परत फिरता येतं. हेच मुलगा आठवीत असता तर मी इतक्या सहज म्हटलं नसतं. फक्त एक करू नका, मे महिन्यात करून बघून ठरवू नका. मे महिन्यात सगळी पोरं घरी असतात, आंबे असतात, आजोळ असतं, कुठलंही घर मस्त चालतं. खरी परीक्षा जूनच्या मध्यावर, जेव्हा सोसायटीतल्या बसेस निघून जातात आणि बाहेर पाऊस आणि घरात तुम्ही दोघं-तिघं.

सासूबाईंबद्दल. त्यांचा विरोध आहे म्हणजे त्यांना मुलाची काळजी आहे, आणि त्यांच्या शंकांपैकी अर्ध्या शंका मी वर लिहिल्याच आहेत, त्या काही चुकीच्या नाहीत. त्यांना पटवायला इंटरनेटवरचे लेख वाचून दाखवू नका. त्यांना दिवसातला एक तास द्या, मोठ्याने वाचून घेणं म्हणा, भाजीचा हिशोब म्हणा, जे त्यांना जमतं ते, कारण धाकटी जागी असताना तुम्हाला त्या तासाची गरज पडणारच आहे. आणि त्यांना मुदत सांगा की डिसेंबरपर्यंत बघतो, त्याला वाचता-लिहिता येण्यात काहीच फरक दिसला नाही किंवा मी थकले तर पुढच्या जूनला शाळा. ती शाळा कुठली हे मात्र आत्ताच जाऊन विचारून ठेवा, तिसरी-चौथीला जागा असते का, दाखला आणि प्रवेश कधी चालू होतात, कारण खासगी शाळांचे प्रवेश पुष्कळदा जानेवारीतच सुरू होतात आणि मार्चमध्ये गेलात तर यादी भरलेली असते.